पायमोज्यातला काळा दोरा

“सेप्सिसची शंका आहे,” डॉक्टर म्हणाले. “मुलाला. मुलगी सध्या ठीक आहे.”

नागपूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर मी उभी होते. माझ्या मुलीची, प्रणालीची, जुळी बाळं आत होती. चार दिवसांची. सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू पसरणं. मला हा शब्द नवा नव्हता. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात मी बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. प्रशिक्षणात तो वहीत लिहून घेतला होता, त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण वहीतला शब्द वेगळा आणि आपल्या नातवाबद्दल डॉक्टरांनी उच्चारलेला वेगळा. 

हे मी कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायला लिहीत नाही. उद्या तुमच्या घरातलं एखादं बाळ असंच काचेपलीकडे असेल आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलेल्या असाल. मी केलं ते तुम्ही करू नये, एवढंच. मी शहाणी होते, मला सगळं माहीत होतं, आणि तरीही केलं. म्हणून तर सांगायला हवं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने प्रणाली सातवा संपता संपता खाप्याहून आमच्याकडे आली. जावई संदीप यांचं खाप्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आठवा लागला आणि तिच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेजारची रमाबाई म्हणाली, “जुळे हायेत, सूज येतेच वं. काहून एवढी घाबरून राहिली?” मी म्हटलं, “तू बाजूले हो, मले गाडी पाहू दे.” त्याच दिवशी मी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली.

रक्तदाब फार वाढला होता. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदर बाईला झटके येऊन ती दगावू शकते. झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फचं इंजेक्शन असतं. ते तिथे होतं, लगेच दिलं. माझी मुलगी आज आहे ती त्या इंजेक्शनामुळे. बाळं लवकर होणार असतील तर त्यांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन देतात. ते मात्र संपलं होतं. मी खोटं समजू नये म्हणून सिस्टरने कपाट उघडून रिकामा खोका दाखवला. साधं, जुनं, कुठेही मिळावं असं औषध. पण जिथे बाळंतीण आहे तिथे नसेल तर ते जगात कुठेही असून काय उपयोग?

ते मिळालं नागपूरला पोचल्यावर. चार डोस द्यायचे असतात. दोन झाले आणि रक्तदाब आवरेना, म्हणून ऑपरेशन करून बाळं काढावी लागली. आधी मुलगा, अकराशे ग्रॅमचा. मग मुलगी, साडेतेराशेची. मुलगी नंतर जन्मली, पण अंगाने भरलेली, म्हणून आम्ही तिला ‘मोठी’ म्हणायला लागलो आणि त्याला ‘बारक्या’. कागदावर त्यांची नावं ‘ट्विन एक’ आणि ‘ट्विन दोन’ अशी होती.

त्या कक्षात एका वेळी घरची एकच बाई जाऊ शकते. प्रणालीला उठून बसलं तरी गरगरायचं, म्हणून पहिले काही दिवस मी जायचे. चपला बाहेर, बांगड्या बाहेर. माझ्या बांगड्या निघेनात, साबण लावून लावून काढल्या. कोपरापर्यंत हात धुवायचे, वर गाऊन घालायचा. तिथल्या माधुरी सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं, “आजी, जुळे असो का तिळे. एका बाळाले हात लावला का दुसऱ्याले लावायच्या आधी पुन्हा हात धुवायचे.”

“सिस्टर, बावीस वर्षं मी हेच दुसऱ्यायले शिकवलं,” मी ऐटीत म्हटलं.

“मंग तर तुम्हाले सांगायचं कामच नाही,” ती हसली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण मी गावातल्या किती जणांना लावली असेल!

आता दोऱ्याचं सांगते. प्रणाली जन्मली तेव्हा अशीच काडी होती. माझ्या सासूबाईंनी तिच्या पायात पाच गाठींचा काळा दोरा बांधला होता. ती जगली. मी नव्या विचारांची, मी तेव्हा हसले. पण दोरा तोडल्यावर टाकला नाही, कुंकवाच्या करंड्यात ठेवला. पुढे नोकरीत असताना मी किती पोरींच्या बाळांचे दोरे, काजळ, मधाचं बोट यांवरून त्यांच्या सासवांशी भांडले. आणि घरी करंड्यात माझा दोरा होताच. नागपूरला निघताना मी तो पदराच्या गाठीत बांधून घेतला. कशाला, असं स्वतःलाही विचारलं नाही.

बुधवारी डॉक्टरांनी सेप्सिस सांगितलं. बारक्या दूध पचवत नव्हता, श्वास मध्येच थांबत होता, अंग गार पडत होतं. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट ते गार पडतं. हे लक्षात ठेवा. त्यांनी ब्लड कल्चर पाठवलं. म्हणजे बाळाचं थोडं रक्त प्रयोगशाळेत ठेवून त्यात कोणता जंतू वाढतो आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते बघतात. रिपोर्टला तीन दिवस लागतात. तोवर नेहमीची अँटिबायोटिक्स, म्हणजे जंतू मारणारी औषधं, सुरू केली.

दुपारी मी आत गेले. हात धुतले, नीट धुतले. मग गाऊनच्या आत हात घालून पदराची गाठ सोडली, दोरा काढला आणि बारक्याच्या पायमोज्याच्या आत, घोट्याला बांधला. त्याचा घोटा माझ्या करंगळीएवढासुद्धा नव्हता. दोन वेढे घ्यावे लागले. मनात म्हटलं, सासूबाई, तुमची नात वाचवलीत, आता हा पणतू वाचवा.

शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या पाळण्यात, मोठी होती. तिची टोपी घसरून डोळ्यांवर आली होती आणि ती मान इकडेतिकडे करत होती. मी ती टोपी सारखी केली. गालावरून बोट फिरवलं. तिने तोंड उघडून माझं बोट शोधलं, दूध समजून. मी तिच्या ओठांना बोट लावू दिलं.

हात धुतले नव्हते. हे मला दाराबाहेर आल्यावर, बांगड्या चढवताना आठवलं. आत परत जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दोऱ्याचंही सांगावं लागलं असतं ना!

आणखी एक सांगते, लाज वाटते तरी. दोरा एकच होता आणि तो मी बारक्याला बांधला. तो आजारी होता म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पण आजारी मोठी असती तर मी तिला इतक्या घाईने बांधला असता का? अंगणवाडीच्या भिंतीवर ‘मुलगा-मुलगी एकसमान’ हे माझ्याच हाताने रंगवलेलं आहे. खरं उत्तर मला माहीत नाही, आणि ते माहीत नाही याचंच वाईट वाटतं.

शुक्रवारी सकाळी मोठीचं दूध उलटलं. दुपारपर्यंत तिचा रंग राखेसारखा झाला आणि तिला व्हेंटिलेटर लावला. म्हणजे श्वास यंत्राने द्यायला लागले. त्याच दुपारी माधुरी सिस्टरने बारक्याचा पायमोजा बदलायला काढला आणि दोरा बघितला.

ती दोरा चिमट्यात धरून बाहेर आली. बाकावर आम्ही दोघी होतो. प्रणाली पहिल्यांदाच चाकाच्या खुर्चीतून उठून माझ्याजवळ बसली होती. “हे कोनं बांधलं? रक्तात जंतू पसरलेलं लेकरू हाय ते! तुम्हाले काही समजते का नाही?”

 बावीस वर्षं बोलून बोलून घसा बसणारी मी, पदराची रिकामी गाठ चाचपत बसले.

“मी बांधला,” प्रणाली म्हणाली. “चुकलं सिस्टर.”

टाके ओले असलेल्या माझ्या पोरीने बोलणी खाल्ली आणि मी शेजारी बसून ऐकली. दोरा कुणाचा हे तिला ओळखू आलं होतं. लहानपणी तिने करंडा किती वेळा उचकला होता. सिस्टर गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त म्हणाली, “मोठीले काय झालं असन वं आई?”

तो दोरा डॉक्टर सानिका यांनी एका छोट्या बाटलीत ठेवला. या एक तरुण डॉक्टर, त्या कक्षात संसर्ग कुठून येतो याचा अभ्यास करत होत्या. कापसाच्या काड्या घेऊन फिरायच्या. नळ, बेसिन, नळ्या, सिस्टरचे हात, डॉक्टरांचे मोबाइल, सगळीकडे काडी फिरवायच्या आणि काडी बाटलीत घालायच्या. पहिल्या दिवशी मला त्यांचं हसू आलं होतं. त्या दिवसापासून त्या दिसल्या की मी मान फिरवायला लागले. चोराच्या मनात चांदणं.

शनिवारी संध्याकाळी बारक्याचा रिपोर्ट आला. जंतूचं नाव क्लेबसिएला. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “हा बाहेरचा नाही, हॉस्पिटलमधलाच जंतू आहे. इथली औषधं पचवून बसलेला. याला कोलिस्टिन हे औषध लागेल. मुलीचा रिपोर्ट यायचाय, पण तिलाही तेच सुरू करावं लागणार.” मग म्हणाले, “आमच्याकडचा साठा संपलाय. मागणी केली आहे. पण तुम्ही बाहेर बघा, वाट बघू नका.”

मोठ्या रुग्णालयात आलो की सगळं असेल असं आपण धरून चालतो. तसं धरू नका. पहिल्या दिवशीच विचारा, कोणतं औषध इथे आहे आणि कोणतं नाही. मला विचारायचं सुचलं नाही.

संदीपरावांनी चिठ्ठी घेतली आणि मोटरसायकल काढली. रुग्णालयासमोरची सगळी मेडिकल दुकानं झाली. काही म्हणाले संपलंय, काही म्हणाले ठेवतच नाही. रविवारी घाऊक दुकानं बंद. दिवसभर ते शहरभर फिरले. माझ्या फोनवर दर अर्ध्या तासाने त्यांचा फोन. “आई, इथंबी नाही.” शेवटी लकडगंजच्या बाजूला राहणाऱ्या एका घाऊक औषधवाल्याचं घर त्यांनी शोधून काढलं. त्या माणसाने सांगितलं, माल गोदामात आहे, किल्ली भागीदाराकडे, भागीदार लग्नाला गावी गेलाय. सोमवारी सकाळी नऊला या. संदीपराव आठ वाजताच शटरसमोर जाऊन बसले.

सोमवारी दहाच्या सुमारास ते औषध घेऊन आले. शर्टाच्या खिशावर हात दाबून धरलेला, जणू खिशात पाखरू होतं. अर्ध्या तासात दोन्ही बाळांना पहिला डोस गेला.

मंगळवारी दुपारी मोठी गेली.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. नळ्या काढल्या होत्या. कपाळावर चिकटपट्टीचा लाल वण होता. प्रणालीने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. नऊ महिने पोटात ठेवायचं लेकरू, आठही पुरे झाले नाहीत, आणि मांडीवर आलं ते असं. प्रणाली रडली नाही. तिची टोपी सारखी करत राहिली. मी बाजूला उभी होते, आणि मला माझेच हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“औषध योग्य होतं,” डॉक्टर म्हणाले. “उशीर झाला. दीड दिवस फार असतो एवढ्या बाळाला.”

संदीपरावांनी तिला पांढऱ्या कापडात घेतलं. जाण्याआधी त्यांनी तिच्या नावाने आणलेल्या, न उघडलेल्या औषधाच्या बाटल्या माधुरी सिस्टरच्या हातात दिल्या. “बारक्याचं वेगळं ठेवलं हाय. हे कोन्या दुसऱ्या लेकराले लागन,” ते म्हणाले, “त्याच्या बापाले रविवारी फिरा लागू नये.” माधुरी सिस्टर तोंड फिरवून रडली.

बारक्या मात्र तगला. एक दिवस त्याचा रंग सुधारला, मग श्वास, मग दूध पचायला लागलं. पुढे कांगारू केअर सुरू झालं, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायचं. प्रणाली तासन्‌तास तशी बसायची. एक बाजू रिकामी दिसायची. हे मी तिला कधी म्हटलं नाही.

त्या दिवसांतच मी डॉक्टर सानिकांकडे गेले. दार लोटून उभ्या उभ्याच सांगितलं, “तो दोरा मी बांधला होता. माझ्या मुलीने नाही. आणि त्याला हात लावून, न धुता, मी मोठीला हात लावला. तोंडाला लावला.” त्यांनी मला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग म्हणाल्या, “आजी, तुम्हाला बरं वाटेल असं बोलू की खरं बोलू?”

“खरं.”

“दोऱ्यावर तोच जंतू सापडला. पण बाळ आधीच आजारी होतं, तेव्हा तो बाळावरून दोऱ्याला लागला असेल. तोच जंतू बेसिनच्या नळावरही सापडला. त्याच नळावर तुम्ही, मी, सिस्टर, सगळे हात धुतो. मुलीपर्यंत तो कुठून गेला, नळावरून, नळीवरून, आमच्या हातावरून की तुमच्या, हे मी कधीच सांगू शकणार नाही. तुमचा हात त्यातला एक असू शकतो.”

 मला वाटलं होतं, एक तर त्या मला सोडवतील, नाहीतर फासावर देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. नंतर तो नळ बदलला, बेसिनजवळ नवा कागद लागला. त्यांनी दोरा परत हवा का विचारलं. मी नको म्हटलं.

एकेचाळिसाव्या दिवशी आम्ही बारक्याला घेऊन गावी आलो. मोसंबीच्या बागांना पाणी चालू होतं. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि तिला पाय फुटले होते. रमाबाई आठवड्याने आली, ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, “तो दोरा दे ना वं. माह्या सुनेचं लेकरू लय बारीक हाय. ज्याले बांधला ते वाचलं, जिले नाही बांधला ते गेली, असं सारं गाव म्हनून राहिलं.”

 दीड दिवस पेट्रोल जाळत फिरलेले संदीपराव कुणाच्या बोलण्यात नव्हते. सुया टोचून टोचून बारक्याच्या हाताची चाळण झाली, तीही नव्हती. होता तो दोरा.

“रमा, त्या दोऱ्यानं कोनी वाचलं नाही,” मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, अंगणवाडीतला. “दोरा बांधून त्याच हातानं मी मोठीले हात लावला. धुतला नाही. तिले कशानं लागन झाली ते डॉक्टरलेबी समजलं नाही. माह्या हातानंबी झाली असन. जा, सांग साऱ्या गावाले. आन्‌ सुनेले लेकरू घेऊन उद्या अंगणवाडीत वजनाले धाड.”

रमाबाई उठून गेली. मी वळले तर दारात प्रणाली उभी होती, बारक्याला छातीशी बांधून. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरोबरच.

“मले माहीत होतं आई,” ती म्हणाली. “दोरा बांधला त्या दिवशी मी चाकाच्या खुर्चीवर काचेपाशी होती. पाहून राहिली होती. टोपी सारखी केली तू तिची.”

“मंग काहून नाही बोलली वं?”

“तुले बोलली असती तं मंग मले कोन होतं तिथं?” ती म्हणाली. मग बारक्याची टोपी सारखी करत, “तिले कोनी मायेनं हात लावला तो तेवढाच. मले तं ते जितेपनी हाती घ्यालेबी भेटलं नाही.”

मी ओट्यावरच बसले. खूप रडले. तिने मला रडू दिलं.

ग्रामीण रुग्णालयातल्या मॅगसल्फला, संदीपरावांच्या पायांना, माधुरी सिस्टरच्या रागाला, डॉक्टर सानिकांच्या खरं बोलण्याला मी हात जोडते. आता मी बायकांना सांगते ते वहीतलं सांगत नाही. माझं सांगते. चूक झाली तर त्याच क्षणी आत जाऊन सांगा, लाज नंतर बघू. कदाचित मी बुधवारीच सांगितलं असतं तर त्यांनी मोठीकडे एक दिवस आधी लक्ष दिलं असतं. कदाचित नसतंही. ते आता माझ्याबरोबरच जाईल.

बारक्या आता रांगतो. त्याला उचलायच्या आधी मी न्हाणीत जाऊन हात धुते. पुसते. मग पुन्हा साबण लावते, पुन्हा धुते. पहिल्यांदा प्रणाली म्हणाली होती, “आई, आत्ताच तं धुतले.” मी म्हटलं, “ते याच्यासाठी. हे मोठीसाठी.” त्यानंतर ती टॉवेल धरून उभी राहते.